तो सोडेल तेव्हा सोडेल, उपचार आजच सुरू करा

प्रिय डॉक्टर,

आम्ही कळव्याला राहतो, वन रूम किचन. आई, मी आणि २६ वर्षांचा धाकटा भाऊ. वडील नाहीत. भाऊ रात्री तुर्भ्याच्या मार्केटला टेम्पो चालवतो. तीन-चार वर्षांपूर्वी पन्नीवर गर्द ओढायला लागला, वर्षभरापासून इंजेक्शन घेतो, जोडीला बटनच्या, म्हणजे नशेसाठी खातात त्या झोपेच्या गोळ्या. गेल्या वर्षी मामाने त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तीन महिन्यांनी आला तेव्हा अंगाने भरला होता, आम्ही पेढे वाटले. आठवड्याच्या आत बाथरूममध्ये बेशुद्ध सापडला, ओठ काळेनिळे. शेजाऱ्यांनी दार तोडलं, तोंडावर पाणी मारलं, वाचला.

आता कोपराच्या आतल्या बाजूला मोठं गळू झालंय. एका दवाखान्यात नेलं तर 'गर्दुल्ल्यांना आम्ही हात लावत नाही' म्हणत सगळ्यांदेखत हाकललं. तेव्हापासून तो डॉक्टरचं नाव काढू देत नाही. स्टेशनजवळ फिरणारा एका संस्थेचा मुलगा सांगतो, केंद्रावर रोज जिभेखाली गोळी देतात, नव्या सुयाही देतात. मामा म्हणतो ही तर सरकारी नशा. त्यापेक्षा कर्जतकडे एक जण रात्री गाडी घेऊन येतो, उचलून नेतो, बांधून ठेवतो, सहा महिन्यांत माणूस सरळ. आईला पोलीस केसची भीती. परवा त्याची पँट धुताना माझ्या बोटात सुई गेली, पण ते जाऊ दे. आम्ही काय करावं? आणि त्याला पैसे द्यायचे की नाही?

– एक बहीण, कळवा

ताई,

'ते जाऊ दे' हे वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून आधी तुम्हाला फोन केला. तुम्ही त्याच दिवशी जाऊन औषध सुरू केलंत, फार बरं केलंत. इतर घरांसाठी ते इथे लिहिते, कारण ज्या घरात सुई आहे तिथे धुणं-केर करणाऱ्या बाईच्या हाताला ती कधी ना कधी लागतेच. सुई टोचली की जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. मग तडक सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. एचआयव्ही होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या पहिल्या काही तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तास उलटले की त्यांचा उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि मध्येच सोडायचा नसतो. एचआयव्ही असलेल्याची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास आहे, तेव्हा झोप घालवून बसू नका. हिपॅटायटिस बी मात्र त्याहून कितीतरी सहज लागतो आणि त्याला लस आहे. ती तुम्ही तिघांनीही घ्या.

आता गळू. पत्रात मामा आणि गोळी यांनी जास्त जागा घेतलीय, पण मला सगळ्यात आधी त्या कोपराची काळजी आहे. कोपराच्या आतून मोठ्या शिरा-धमन्या आणि हाताच्या नसा जातात. तिथला पू घरच्या घरी दाबून काढायचा नाही, ब्लेड लावायचं नाही, पोटीस बांधून वाट बघायची नाही. त्याला चीर देऊन निचरा करावा लागतो, आणि ते काम सर्जनचं. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यावं लागेल. ताप येऊन थंडी वाजत असेल, गळवापासून लाल रेघ दंडाकडे चढत असेल, बोटं बधिर वाटत असतील, तर उद्याची ओपीडी नको, आत्ता कॅज्युअल्टी. सुईवाटे रक्तात गेलेले जंतू हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतात, आणि तो आजार आठवड्या-दोन आठवड्यांत धडधाकट पोराला आयसीयूत नेतो. तुमच्याकडे कळव्यालाच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. सर्जरीसाठी लांब जायची गरज नाही.

तो डॉक्टरचं नाव काढू देत नाही यात त्याचा काही हट्ट नाही. चारचौघांत असं हाकलल्यावर कोणीही परत जाणार नाही, आणि त्या दवाखान्याने जे केलं ते वैद्यकीच्या पेशाला काळिमा आहे. पण न जाण्याचं आणखी एक कारण असतं, जे ही मुलं घरी सांगत नाहीत. शेवटच्या डोसनंतर सहा-आठ तासांत टर्की सुरू होते: नाक-डोळे वाहतात, पोटात मुरडा येतो, अंगावर काटा येतो, हाडं मोडल्यासारखी वाटतात. सरकारी रुग्णालयात केसपेपर, रांग, तपासणी, पुन्हा रांग यात अर्धा दिवस सहज जातो. निम्म्या रांगेतच त्याचं अंग तुटायला लागतं आणि तो उठून निघून जातो. लोक म्हणतात, बघा, याला बरं व्हायचंच नाही. म्हणून तुम्ही पुढे जाऊन केसपेपर काढून ठेवा आणि नंबर जवळ आला की त्याला बोलवा. संस्थेच्या त्या मुलाला सोबत घ्या. अशा पेशंटबरोबर दवाखान्यात जाणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि कुठल्या वॉर्डात कोण नीट बोलतं हे त्याला पाठ असतं. डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा, इंजेक्शन घेतो, गर्द घेतो, बटन खातो. अ‍ॅडमिट केलं तर लगेच सांगा की रात्री टर्की येईल, सायकियाट्रीच्या डॉक्टरांना बोलवा, त्यावर औषध द्या. ते औषध मिळालं नाही तर सलाइन उपटून रात्रीतून पळून जाणारे पेशंट मी कितीतरी पाहिलेत, आणि त्यातल्या काहींचे हात पुढे कापावे लागलेत.

त्या बाथरूमच्या प्रसंगाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, 'वाचला'. तिथे काय घडलं ते तुम्हाला कोणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. शरीराला गर्दसारख्या अफूवर्गातल्या औषधांची सवय होत जाते आणि मात्रा वाढत जाते. तीन महिने बंद राहिल्यावर ती सहनशक्ती ओसरते, पण हाताला जुनाच डोस आठवत असतो. नेहमीइतकंच भरलं आणि श्वास थांबला. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे हे या मुलांच्या आयुष्यातले सगळ्यात धोक्याचे दिवस असतात. पेढे वाटल्याचा दोष मानून घेऊ नका. हे तुम्हाला सांगणं त्या केंद्राचं काम होतं. वर बटन किंवा दारू पोटात असेल तर धोका कितीतरी वाढतो, कारण ही सगळीच श्वास मंदावणारी द्रव्यं आहेत.

पुन्हा तसं झालं तर काय करायचं हे आईलाही शिकवून ठेवा. लक्षणं अशी: हाक मारून, गदागदा हलवून जाग येत नाही, श्वास अगदी सावकाश, अडखळत, किंवा घशातून घोरल्यासारखी घरघर, ओठ आणि नखं निळसर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. घोरतोय म्हणजे झोपलाय असं समजून पांघरूण घालून ठेवलेली पोरं सकाळी थंड सापडलेली आहेत. छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घासा. तरी उठला नाही तर एकाने १०८ लावायचा, 'श्वास थांबलाय' असं सांगायचं. दुसऱ्याने त्याला उताणा करून हनुवटी वर उचलायची, तोंडात काही असेल तर काढायचं, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यायचा, दर पाच सेकंदांनी एक, छाती वर येते का बघत. श्वास सुरू झाला की कुशीवर झोपवायचं, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. अजिबात हालचाल नसेल, श्वास नसेल, तर मधेमधे छाती दाबणंही सुरू करायचं. पाणी पाजणं, लिंबू-मीठ, कांदा हुंगवणं, थोबाडीत मारणं, यातल्या कशानेही थांबलेला श्वास परत येत नाही आणि मिनिटं मात्र जातात.

या विषबाधेवर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. इंजेक्शन दिलं की दोन-चार मिनिटांत श्वास परत येतो. त्याचा असर अर्धा-एक तास, फार तर दीड तास टिकतो, गर्दचा त्याहून जास्त, म्हणून माणूस उठून बसला तरी घरी न्यायचं नाही, रुग्णालयात काही तास नजरेखाली ठेवायचं. अशा माणसाच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या हाताशी हे औषध असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितलंय. आपल्याकडे मात्र ते अजून चिठ्ठीवर मिळणारं, रुग्णालयाच्या कपाटातलं औषध आहे, आणि मला याचा मनापासून राग येतो. तरी जिभेखालची गोळी देतात त्या केंद्रावरच्या डॉक्टरांना विचारा. लिहून दिलं आणि द्यायला शिकवलं तर घरात ठेवा. आणि आजच्या आज एक काम करा. तोडलेलं दार बदलताना नवीन कडी लावली असेल, ती बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या. सुताराचं पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यालाही सांगा, चोरून नाही: 'तू आत असलास आणि हाकेला ओ दिली नाहीस तर मी दार उघडणार.' एकट्याने, कडी लावून घेतलेला डोस सगळ्यात जास्त जीव घेतो.

मग मामांचा मुद्दा, 'सरकारी नशा'. मामांना भाच्याची माया आहे हे उघड आहे, म्हणून त्यांना हे नीट समजावून सांगायला हवं. जिभेखाली देतात ती गोळी ब्युप्रेनॉर्फिनची. या उपचाराला ओएसटी म्हणतात, तो एड्स नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळतो. गर्दने मेंदूतल्या ज्या जागा धरलेल्या असतात त्याच जागा ही गोळी धरते, पण अर्धवट. एका मर्यादेपुढे तिचा परिणाम वाढत नाही, म्हणून एकट्या तिने श्वास थांबण्याचा धोका फार कमी. ती दिवसभर पुरते. मात्रा बरोबर बसली की ना नशा चढते, ना टर्की येते. माणूस टेम्पो चालवतो, जेवतो, झोपतो. गर्दवरचा माणूस दिवसातून तीन-चार वेळा पुडीमागे आणि पुडीच्या पैशामागे धावतो, ती धावपळ थांबते. सुई थांबली की एचआयव्ही, हिपॅटायटिस, गळवं यांचा रस्ताच बंद. ब्युप्रेनॉर्फिन आणि याच कामाचं मेथाडोन ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. हे उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय.

सुरुवातीला एक गोष्ट मात्र पाळावी लागते, आणि तीच न कळल्याने बरीच मुलं पहिल्या दिवशी पळतात. गर्द घेतल्यावर लगेच ही गोळी घेतली तर ती गर्दला त्या जागांवरून हुसकावते आणि एकदम जोराची टर्की येते. मग पोरगा गल्लीत सांगतो, 'गोळी बेकार आहे.' साधारण आठ-बारा तास काही न घेता, टर्की लागल्यावरच पहिली गोळी घ्यायची असते. त्याची रात्रपाळी इथे कामाला येईल: रात्री काही घ्यायचं नाही, सकाळी मार्केटवरून सुटलं की सरळ केंद्रावर. पहिल्या दोन-चार दिवसांत मात्रा वाढवत नेतात, तेवढे दिवस त्याला धरून ठेवा. गोळी नर्ससमोर घ्यावी लागते, विरघळेपर्यंत थांबावं लागतं, रोज जावं लागतं. हे रोजचं जाणं जाचक आहे, खोटं बोलणार नाही, नोकरी करणाऱ्याला तर फारच. जवळचं केंद्र कुठे ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर किंवा ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, विचारा. कधी बंद करायची हा प्रश्न पहिल्या महिन्यात काढूच नका. वर्ष, दोन वर्षं, कोणाला त्याहून जास्त. घाईने बंद केली की पुन्हा त्याच बाथरूमचा धोका. मधे एखाद्या दिवशी गर्द घेतला तर 'गोळीचा उपयोग नाही' म्हणून उपचार तोडू नका. केंद्रावर सांगा, मात्रा कमी पडत असेल.

गोळी सुरू होईपर्यंत, आणि नंतरही घसरला तर, त्याला नव्या सुया मिळू द्या. सुया मिळाल्याने नशा वाढते ही भीती जगभर तपासून झालीय, तसं होत नाही. फक्त सिरिंज वेगळी असून भागत नाही. कापूस, पाणी, ज्यात औषध विरघळवतात ते झाकण, यातूनही हिपॅटायटिस सी पसरतो. वापरलेल्या सुयांसाठी त्याला जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली द्या, भरली की केंद्रावर परत. पँटच्या खिशात सुई ठेवण्याची वेळच येऊ नये.

तिथेच एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणी करून घ्या. एचआयव्ही निघाला तरी औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि माणूस पूर्ण आयुष्य जगतो. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा पूर्ण बरा होतो: बहुधा १२ आठवडे गोळ्या, २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याही मोफत. 'आधी नशा सोड, मग औषध देऊ' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. नशा चालू असतानाही हे उपचार होतात.

बटनबद्दल एक इशारा. गर्दची टर्की भयंकर असते, पण सहसा जीव घेत नाही. रोज बटन खाणाऱ्याने ते एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून गोळ्यांचं पाकीट गटारात फेकून देऊ नका. किती खातो ते डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू उतरवतील. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी तुमच्यापासून जवळ आहे. नावाला बिचकू नका.

कर्जतच्या त्या गाडीला स्पष्ट नाही म्हणा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजार येतात. अशा केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. पेशंटच्या संमतीशिवाय भरती करायची तर सायकियाट्रिस्टसह दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तसं ठरवावं लागतं, आणि तीही आधी फार तर ३० दिवसांची. साखळीने बांधायला कोणत्याही परिस्थितीत बंदी आहे. रात्री उचलून नेणारा यातलं काय पाळणार? तिथे टर्कीत उलट्या-जुलाबांनी पोरगा सुकला, बटन तुटून फिट आली, तर बघायला डॉक्टर असेल का, एवढंच मामांना विचारा. आणि सहा महिन्यांनी 'सरळ' होऊन तो पुन्हा त्याच सहनशक्तीशिवाय घरी येईल. चांगली निवासी केंद्रं आहेत, काही मुलांना त्यांचा फार फायदाही झालाय, पण तिथे माणूस स्वतःहून जातो. त्याला जावंसं वाटलं तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर सरकारमान्य केंद्रांची माहिती मिळेल.

आईची पोलिसांची भीती अगदीच निराधार नाही. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये असंही आहे की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही; अट एवढीच की उपचार अर्धवट सोडू नयेत. सुया देणं, ओएसटी देणं-घेणं याला एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ चं संरक्षण आहे. बेशुद्ध अवस्थेत नेलं तर रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, अशी नोंद करू शकतं. ती नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. १०८ हा नंबर अ‍ॅम्ब्युलन्सचा आहे. पोलिसांच्या भीतीने तो लावायला उशीर करू नका.

पैशांचं म्हणाल तर रोख रक्कम हातात देऊ नका, पण जेवणाचं ताट आणि झोपायची जागा यावर अटी घालू नका. केंद्रावर जायचं लोकलचं भाडं, मोबाइलचा रिचार्ज, औषधं, हे तुम्ही भरा. टर्कीत रडत पैसे मागायला आला तर ती वेळ पहिल्या गोळीसाठी सगळ्यात योग्य असते. केंद्र उघडं असेल तर रिक्षा करा आणि त्याला घेऊन निघा. आईचं मंगळसूत्र आणि तुमचं जे काही सोनं असेल ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि ठेवलंय हे त्याला तोंडावर सांगा.